अप्पांचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी सायकल आहे. वय वर्षं तीस. रंग एके काळी गर्द हिरवा होता. आता जिथे जिथे माणसांचे गुडघे, पिशव्या आणि भिंती घासल्या, तिथे तिथे तो उडाला आहे आणि खालचं करडं अंग दिसतं. माझं वजन मात्र विचारू नका. बाईमाणसाला वय आणि सायकलीला वजन विचारू नये, असं माझं मत आहे. वय मी आपणहून सांगितलं, तेवढ्यावर समाधान माना.

बंगळूरच्या यशवंतपुरात, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, एका घराच्या जिन्याखाली मी राहते. जिन्याखाली म्हटल्यावर लगेच हळहळू नका. माझ्या नळ्यांवर जी लाल माती दिसते आहे ना, ती महिन्याभरापूर्वीची आहे, आणि ती इतक्यात पुसायची नाही असं घरात ठरलं आहे. ही माती माझ्या अंगावर कशी आली, ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, सांधल्या, रंगाच्या भट्टीतून काढल्या, आणि गवताच्या पेंढ्या बांधाव्यात तशा आम्हा वीस बहिणींना एकत्र बांधून मालगाडीत घातलं. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर उतरले तेव्हा मी अगदी नवीकोरी होते. रुंद चाकं आणि गिअर असलेली सायकल तेव्हा नवलाची गोष्ट होती. दुकानासमोरून जाणारी माणसं थांबून गिअर मोजत असत.

मला घरी नेलं ते दयानंद यांनी. ते मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि रागावले की दोन्ही. एका पंपाच्या कारखान्यात ते फिटर होते. पंपाच्या माणसाला गळती म्हणजे वैरी. नळीतून थेंबभर पाणी सुटलं तरी त्यांना जेवण गोड लागत नसे, तर चाकातून हवा सुटलेली कशी खपणार?

म्हणून दर रविवारी, आंघोळ झाली की नाश्त्याच्या आधी, ते पितळी पंप घेऊन माझ्यापाशी बसत. हा पंप त्यांनी स्वतः बनवला होता. आधी पुढचं चाक, मग मागचं. हवा भरायची आणि टायरवर अंगठा दाबायचा. अंगठा जरासा जरी रुतला, तरी आणखी दहा झटके. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "चाक कसं दगडागत पायजे. अंगठा रुतला म्हंजे मालक आळशी." त्यांना अप्पा म्हणणारी त्यांची मुलगी कस्तुरी पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसायची आणि तिचा चिमुकला अंगठाही त्यांच्या अंगठ्याशेजारी लावायची. तिचा अंगठा कशातच रुतत नसे, म्हणून ती टाळ्या पिटायची.

आणि खरं सांगते, अप्पांचं चुकत नव्हतं. डांबरी रस्त्यावर कडक चाक सुसाट पळतं. अठरा वर्षं मी त्यांना कारखान्यात नेलं आणि आणलं. एक दिवसही त्यांना उशिराचा शेरा मिळाला नाही. कारखान्यात माझं कौतुक व्हायचं. "दयानंद अण्णांची सायकल म्हणजे घड्याळ," असं लोक म्हणत. मी अर्थातच ऐकत नसल्यासारखं दाखवायची.

मग अप्पांचे गुडघे दुखायला लागले. मेट्रो आली. मी जिन्याखाली गेले आणि माझ्या अंगावर रद्दीचे गठ्ठे, गणपतीची आरास, तुटकी छत्री असा संसार चढला. साखळी गंजली. ब्रेकचं रबर वाळून खडूसारखं झालं. तरीही रविवारी अप्पा यायचे, गठ्ठे बाजूला सारायचे आणि हवा भरायचे. कुठेही न जाणाऱ्या सायकलीची चाकं दहा वर्षं दगडासारखी कडक होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच. हसू यायचं, आणि रविवारची वाटही बघितली जायची.

मला बाहेर काढलं ते कस्तुरीने. एव्हाना ती तिशी ओलांडलेली बाई झाली होती. महादेवपुऱ्याच्या एका मोठ्या कचेरीत कामाला होती आणि जाण्यायेण्यातच तिचे दिवसाचे चार तास जात. तिच्याबरोबर काम करणारा शंतनु पुण्याहून आलेला. त्याला खडीच्या नि मुरमाच्या कच्च्या वाटांवरून सायकल हाकायचा नाद होता. सामान सायकलीवरच बांधायचं, दोन दिवस भटकायचं, कुठेतरी पथारी टाकायची आणि परत यायचं, असा तो सगळा खेळ. कस्तुरीने एकदा त्याची सायकल मागून चालवली आणि घरी येऊन थेट माझ्यावरचे गठ्ठे उचलायला लागली.

"अगं सीरियसली, ही घेऊन येणार तू?" शंतनुने मला पाहिल्यावर विचारलं. "हिच्या वजनात माझ्या दोन बसतील."

त्याची सायकल कार्बनची. काळीशार, सडपातळ आणि महा घमेंडखोर. आमची ओळख करून दिली तेव्हा तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पण कस्तुरीने माझं रूप पालटलं. नवी साखळी आली, नवे ब्रेक आले, खाली वळलेलं नवं हँडल आलं, आणि दोन बोटं रुंदीचे, गुटगुटीत, दातेरी टायर आले. पिशव्या शिवल्या गंगव्वाने. आमच्या गल्लीत ती बाजारातल्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवते. तिने माझ्या पोटातल्या त्रिकोणात कागद धरला, पेन्सिलीने माप घेतलं आणि म्हणाली, "सरी अक्का, झालं. कांद्याच्या ट्रकचं कापड हाय. पाऊस आला तरी आत जायला लाजंल." बेतून शिवलेल्या चोळीसारखी ती पिशवी बसली. जड ते सगळं त्या त्रिकोणात, खाली: पाणी, पान्हे, खाणं. हलकी पथारी हँडलला आणि कपडे सीटच्या मागे. वजन पोटात असलं की सायकल सरळ चालते, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आता त्या दुःखाच्या गोष्टीकडे येते.

बंगळूरच्या उत्तरेला, द्राक्षांचे मळे आणि नाचणीची शेतं ओलांडली की गोल गोल कातळांच्या टेकड्या लागतात. त्यातली एक होन्नगुड्डा. बंद पडलेल्या खाणीची वाट तिच्या अंगावरून खाली येते. अडीच किलोमीटरचा उतार, तीन वळणं, आणि वर लाल मुरमावर सुटी खडी पसरलेली. शंतनुच्या टोळीची दर जानेवारीत दोन दिवसांची फेरी असते, आणि परतीच्या दिवशी हा उतार लागतो. गेल्या वर्षी कस्तुरी पहिल्यांदा त्या फेरीला निघाली. नेमके त्याच वेळी अप्पा एका लग्नाला निपाणीला गेले होते. म्हणून कस्तुरीने स्वतःच हवा भरली, अप्पांनी शिकवलेली, अंगठा न रुतणारी.

मित्रांनो, कडक चाक खडीवर काय करतं ते मी सांगते. ते खडीला धरत नाही. परातीत फुटाणे उडावेत तसं प्रत्येक दगडावरून उडतं. मधल्या वळणावर मी उडत उडत बाहेरच्या बाजूला सरकायला लागले. कस्तुरी घाबरली. घाबरलेलं माणूस करतं तेच तिने केलं. हात ताठ केले, नजर समोरच्या खड्ड्यावर खिळवली आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक अडलं आणि बाजूला निसटलं. आम्ही दोघी पडलो. माझा फक्त रंग गेला. तिचं डावं मनगट मोडलं.

अप्पा निपाणीहून धावत आले. इस्पितळ, प्लास्टर, औषधं यांत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांना माझी आठवण झाली. ते जिन्याखाली आले, त्यांनी टायरवर अंगठा दाबला, आणि तो रुतला. आठ दिवसांत थोडी हवा आपोआप जातेच की! पण त्यांनी तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

"हवा कमी हुती," ते स्वतःशीच म्हणाले. "मी घरात न्हवतो. मी भरली असती तर पोर पडली नसती."

मी ओरडून सांगणार होते, अहो अप्पा, हवा जास्त होती! पण सायकलीला घंटी असते, वाचा नसते. त्या दिवसापासून ते रविवारी आणि बुधवारी अशी दोनदा हवा भरायला लागले. एकदा अंगठा लावून समाधान होत नसे, पुन्हा पुन्हा लावून बघायचे. ते मला बघवत नसे.

कस्तुरीचं मनगट जुळलं, पण आधीसारखं बळ त्यात आलं नाही. मनाचं तर विचारूच नका. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. गल्लीतला गतिरोधक आला तरी तिची बोटं ब्रेकवर आवळायची. वर्षभर ती फक्त डांबरावर हिंडली. मग डिसेंबरात एका रविवारी, माझी साखळी पुसता पुसता, ती फोनवर शंतनुला म्हणाली, "यंदा येते मी. होन्नगुड्डा सायकलवर बसून उतरायचाय, चालत नाही. नाही जमलं तर ही देऊन टाकणार कुणाला तरी. नाद बंद."

तीस वर्षांच्या सायकलीला 'कुणाला तरी' देतात तेव्हा ते कुणीतरी म्हणजे भंगारवालाच असतो.

अप्पांनी ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "डांबरी रस्त्यानं ये की. त्या गुड्ड्यावर काय नवस बोललीयास काय?"

"पडले ते मनातून जात नाही, अप्पा," कस्तुरी म्हणाली. "एकदा उतरले की जाईल."

अप्पांनी मान हलवली आणि पंप घेतला. जानेवारीत, फेरीच्या शनिवारी पहाटे निघताना त्यांनी माझी चाकं इतकी फुगवली की माझ्या तारा कुरकुरल्या. मग दोन्ही चाकांना अंगठा लावला, तो कपाळाला लावला आणि आत निघून गेले.

दहाजण होतो आम्ही. पहिल्या दिवसाची गंमत शंतनुची. पुण्याहून त्याच्या आईने डिंकाचे लाडू आणि चिवडा पाठवला होता, आणि पठ्ठ्याने ते सगळे डबे सीटच्या मागच्या पिशवीत कोंबले होते. पहिल्याच कच्च्या वाटेवर त्याच्या कार्बनच्या महाराणीची शेपटी कुत्र्यासारखी हलायला लागली. सरळ चालेना की वळेना. शेवटी सगळ्यांनी एका चिंचेखाली बसून तो प्रश्न खाऊन सोडवला. मी पोटात पाणी आणि पान्हे घेऊन शांत उभी होते. कार्बनबाईंकडे मीसुद्धा मग ढुंकून पाहिलं नाही.

मात्र माझा दिवसही काही सुखाचा नव्हता. सपाट खडीवरसुद्धा मी धडधड उडत होते. कस्तुरीचं मनगट ठणकत होतं. संध्याकाळी एका गावातल्या देवळाच्या पडवीत मुक्काम पडला, तेव्हा ती मनगटाला बाम चोळत हळूच म्हणाली, "उद्या नाही जमायचं बहुतेक." ती माझ्याशीच बोलत होती, कारण बाकीचे जेवायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पुढे गेली आणि आम्ही दोघी मागे पडलो. एका गावाबाहेर सबंध रस्ताभर हुलग्याची वाळलेली झाडं अंथरलेली होती. तिकडची ती पद्धतच आहे. सुगीत पीक रस्त्यावर पसरायचं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी होते, बैल नको की यंत्र नको. आम्हीही त्यावरून गेलो आणि फुकटात थोडी मळणी करून दिली. बक्षीस म्हणून माझ्या साखळीत हुलग्याच्या काड्या गुंतल्या आणि पुढच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. दुष्काळात तेरावा महिना!

कस्तुरीने मला कडेला उलटं केलं. काड्या उपसल्या, काटा काढला, आतली ट्यूब बदलली. सगळं एकटीने केलं, सावकाश आणि नीट. मग तिने वीतभर लांबीचा प्रवासी पंप काढला आणि हवा भरायला लागली. पन्नास झटके झाले. ऐंशी झाले. मनगटातून कळ यायला लागली. ती थांबली, अंगठा लावला. रुतला. पुन्हा भरायला लागली. शंभराव्या झटक्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हुलग्यावर लक्ष ठेवून बसलेली एक म्हातारी हे सगळं पाहत होती. ती उठून आली, तिने माझं चाक चिमटीत दाबलं आणि हसत म्हणाली, "साकु अक्का, साकु."

साकु म्हणजे पुरे. कस्तुरीने पुन्हा अंगठा लावून पाहिला. अप्पांनी हे चाक पाहिलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. पण मनगट आता ऐकत नव्हतं. तिने निमूटपणे पंप पिशवीत टाकला, म्हातारीने दिलेलं ताक प्यायली आणि निघाली.

आणि मित्रांनो, तिथून शंभर पावलांवर कच्ची वाट सुरू झाली तेव्हा मला जे झालं ते कसं सांगू! तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढच्या चाकाला जमीन कळली. दगड आला की चाक त्याला थोडं कवेत घेई आणि मग सोडून देई. धडधड थांबली. मागचं चाक मात्र अजून अप्पांच्या हुकमात होतं. ते आपलं ठणाठणा उड्या मारतच होतं.

कस्तुरीला ते जाणवलं. हात शांत आणि बूड उडतंय, हा काय प्रकार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती थांबली. परत फिरून तोच तुकडा पुन्हा चालवला. मग एक छोटासा उतार बघून तिथे वळण घेऊन पाहिलं. पुढचं चाक खडीला धरून वळलं, मागचं निसटायला बघत होतं. ती उतरली आणि तिने दोन्ही चाकं आळीपाळीने अंगठ्याने दाबून पाहिली.

"म्हणजे गेल्या वर्षी..." ती म्हणाली.

मी जिवाच्या आकांताने गप्प होते. बाई, बरोबर चालली आहेस, आणखी थोडी पुढे जा!

ती माझ्या मागच्या चाकाशी बसली. तिने व्हॉल्वची टोपी काढली, माझ्या साखळीत अजून अडकलेली हुलग्याची एक जाड काडी काढली आणि आतली पिन दाबली. फुस्स. आमच्या घरात हा आवाज म्हणजे पाप होतं. तिचा हात जरा बिचकला, पण थांबला नाही. थोडी सोडायची, अंगठा लावायचा, पुन्हा थोडी सोडायची. पुढचं चाक जितकं रुततं त्याहून मागचं किंचित कमी रुतायला लागलं, कारण बसणाऱ्याचं वजन मागे जास्त असतं, तेव्हा तिने टोपी लावली. अप्पांनीच शिकवलेल्या अंगठ्याने तिने हे ठरवलं, बरं का!

होन्नगुड्ड्याच्या माथ्यावर शंतनु एकटाच थांबला होता. बाकीचे पुढे गेले होते.

"कस्तुरी, चालत जाऊया," तो म्हणाला. "मी पण चालतो तुझ्याबरोबर. कोणी काही म्हणणार नाही, प्रॉमिस."

"तू ये मागून," कस्तुरी म्हणाली. "आणि जवळ येऊ नकोस."

तिने हँडलच्या खालच्या वळशात हात घातले. ब्रेकवर एकेकच बोट. पेडल आडवी ठेवून ती उभी राहिली, कोपरं वाकवली, बूड सीटच्या मागे नेलं. तिचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की मला हँडलमधून कळत होतं. आणि आम्ही सुटलो.

पहिलं वळण सोपं होतं, आम्ही ते सहज घेतलं. वेग वाढला. खडी माझ्या नळ्यांवर तडतडायला लागली. समोर मधलं वळण आलं आणि त्याच्या बाहेरच्या कडेला तोच खड्डा. कस्तुरीची बोटं आवळली. ती मी ओळखली, वर्षभर ओळखत होते. आता पुन्हा तेच, असं मला वाटलं.

पण तिने बोटं वळणाच्या आधीच आवळली होती, दोन्ही ब्रेकवर सारखी, अगदी हळुवार. वेग उतरला. वळणात शिरताना तिने ब्रेक सोडून दिले. सगळेच्या सगळे! आणि नजर खड्ड्यावरून उचलून वळणाच्या पार पलीकडे, जिथे जायचं होतं तिथे नेली. नजर जाते तिथे सायकल जाते, हे सगळ्या सायकलींना ठाऊक असतं. मागचं चाक जरासं घसरलं. घसरू दे! तिने हात ताठ केले नाहीत, मला तिच्याखाली मोकळं सोडलं. मी खडीत रुतले, खडीला धरलं आणि वळले. खड्डा आमच्या बाजूने मागे गेला. जाताना मी त्याला घंटी वाजवून दाखवली. खरं म्हणजे ती धक्क्याने आपोआप वाजली, पण तुम्ही कुणाला सांगू नका.

तिसऱ्या वळणावर कस्तुरी ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाही सांगता यायचं नाही. मराठी होतं, कन्नड होतं, आणि बरंच काही नुसतंच होतं. उताराच्या तळाशी शेळ्या राखणाऱ्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्यासमोर थांबलो तेव्हा ती माझ्या हँडलवर डोकं टेकून हसत होती आणि रडतही होती. मला भंगाराची आठवणसुद्धा राहिली नाही. मी जिंकले होते, आम्ही जिंकलो होतो, आणि माझं अंग लाल मातीने माखलं होतं!

शंतनु पाच मिनिटांनी आला. दोनदा पाय टेकून आला. त्याच्या कार्बनबाईच्या पोटाचे खडीने चार टवके उडाले होते. त्याने माझ्याकडे बघून हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "सॉरी आजी."

दुपारी साडेतीनला आम्ही यशवंतपुरात परतलो. गल्लीच्या तोंडाशी अप्पा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी आधी कस्तुरीची दोन्ही मनगटं हातात घेऊन पाहिली. मग गुडघे धरत माझ्यापाशी बसले आणि सवयीने अंगठा लावला.

तो रुतला. पुढे रुतला, मागेही रुतला.

"हवा कुठं गेली?" त्यांनी कस्तुरीकडे वर पाहिलं. "अशा चाकावर त्या गुड्ड्यावरनं आलीस?"

"मीच सोडली, अप्पा. म्हणून तर आले."

कस्तुरी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. काटा, म्हातारी, मागचं चाक, मधलं वळण. कडक चाक खडीवरून कसं उडतं ते तिने तळहातावर तळहात आपटून दाखवलं. अप्पा ऐकत होते. माझा जीव टांगणीला लागला होता. चाळीस वर्षं दाब मोजलेल्या माणसाला त्याच्या मुलीने सांगायचं, की तुमचं इथे चुकलं.

चाकावरचा अंगठा काढून घेत ते म्हणाले, "म्हंजे गेल्या साली मी निपाणीला गेलो म्हणून पडली न्हाईस तू?"

कस्तुरी चमकली. वर्षभर अप्पा मनात काय बाळगून होते ते तिला त्या क्षणी कळलं. मला कधीचंच ठाऊक होतं.

"नाही हो अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही इथे असता तरी पडले असते. तुम्ही भरली असती तर जरा जास्तच जोरात."

अप्पांचे खांदे हलायला लागले आणि ते मोठ्याने हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. समोरून गंगव्वा शिलाई सोडून बघायला आली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि अंगठा पुढे केला.

"किती रुतला पायजे? दाव बघू."

कस्तुरीने त्यांचा अंगठा आपल्या हातात धरला. जाड, भेगाळलेला, पितळेच्या वासाचा तो अंगठा तिने माझ्या टायरवर ठेवला आणि वरून आपला अंगठा दाबला.

"इतका."

"इतकाच?"

"खडीला इतका. डांबराला तुमचा."

त्याच संध्याकाळी अप्पांनी कारखान्यातून निवृत्त होताना आणलेलं दाब मोजायचं घड्याळ पेटीतून शोधून काढलं, दोन्ही चाकांना लावलं आणि जिन्याखालच्या भिंतीवर, माझ्या डोक्याशी, खडूने दोन आकडे लिहिले. एक खडीचा, एक डांबराचा. खाली लिहिलं: 'कस्तुरीला विचारून भरणे.' माझ्या अंगावरच्या मातीला हात लावायचा नाही, हा हुकूमही त्यांचाच.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही जिन्याखाली, गच्चीवर, गॅलरीत माझी एखादी बहीण उभी असेल. तिला बाहेर काढा. साखळी पुसा, तेल घाला, ब्रेकचं रबर बदला. एवढं केलंत तरी ती तुम्हाला दुवा देईल. पण आणखी एक करा. काळजी घेताना तिला विचारा, बाई, तुला आज कुठे जायचंय? डांबरावर जायचं असेल तर भरा, खडीवर जायचं असेल तर थोडी सोडा. अंगठा लावलात की ती उत्तर देते. माझ्या अप्पांना ते कळायला तीस वर्षं लागली, आणि आता दर रविवारी आंघोळ झाली की ते पंप बाजूला ठेवून आधी वर हाक मारतात: "कस्तुरे, आज कुठं?"